बाप्तिस्मा घेतला नाही म्हणून तारण नाही?

जालनेकर
आमच्या मंडळीतले एक आजोबा नुकतेच वारले. दर रविवारी पहिल्या बाकावर, स्तोत्रं तोंडपाठ. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, तेवढा घेतला नव्हता. मयतीत पाळकांनी "देवाच्या दयेवर सोपवू" एवढंच म्हटलं, तारणाचा, म्हणजे पापातून सुटून देवाकडं गेल्याचा, शब्द काढला नाही. बाहेर चपला घालताना मंडळीतले एक वडीलधारे म्हणालेच, "पाण्यात उतरले नाहीत, खात्री कशी द्यायची?"

माझ्या मते बाप्तिस्मा ही आज्ञा आहे, तारणाची अट नाही. बायबलात इफिसकरांस २:८ वाचा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. त्यात पाण्याची अट घातली की ते पुन्हा कर्मच झालं.

गोदाकाठ
अट नाही? मग पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, "आम्ही काय करावं?" असं लोकांनी विचारल्यावर येशूचा शिष्य पेत्र यानं काय सांगितलं? पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. प्रेषितांची कृत्ये २:३८. नव्या जन्माबद्दल विचारणाऱ्या नीकदेमालाही प्रभूनं पाणी आणि आत्मा दोन्ही सांगितलं. मार्क १६:१६ तर पोरांना पाठ असतं: विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं तारण होईल.

जालनेकर
त्याच वचनाचा पुढचा अर्धा भाग वाचा की. शिक्षा कुणाला? विश्वास न धरणाऱ्याला. बाप्तिस्मा न घेणाऱ्याला असं तिथं नाही. शिवाय मार्कचा तो शेवटचा भाग सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीच. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आत्मा आधी उतरला, पाणी मागून आलं. आणि येशूशेजारी वधस्तंभावर असलेला चोर? त्याला तर बाप्तिस्म्याशिवायच स्वर्गाचा शब्द मिळाला.

गोदाकाठ
चोर येणार हे माहीतच होतं! अहो, चोराला खाली उतरता येत नव्हतं. आजोबांना कुणी खिळलं होतं? आणि कर्नेल्याचं पुढं वाचा, आत्मा मिळाल्यावरही पेत्रानं लगेच बाप्तिस्मा द्यायला लावला. गरज नव्हती तर कशाला?

फुलंब्रीची लेक
मी कॅथलिक. आमच्यात स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, आवश्यक मानतात, म्हणून तर लेकरू आजारी पडलं की घाई करतात. जीव धोक्यात असेल तर नर्सही देऊ शकते, ती ख्रिस्ती नसली तरी. चर्चच्या हेतूनं पाणी ओतायचं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणायचं. पण संस्कार घ्यायची तयारी चालू असताना कुणी गेलं तर त्याची इच्छाच बाप्तिस्म्यासारखी धरली जाते. आमची धर्मशिकवण सांगते की देवानं तारण या संस्काराशी बांधलंय, स्वतःला मात्र संस्कारांनी बांधून घेतलेलं नाही. जालनेकर, आजोबांची इच्छा होती का, हा माझा प्रश्न.

नगरवाला
मराठवाड्याबाहेरचा आहे, तरी बोलतो. मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. त्या सगळ्यांचं काय करणार गोदाकाठ?

गोदाकाठ
न्याय करणारा मी नाही. वचन काय म्हणतं ते सांगतोय.

परभणीकर
इतकी वचनं टाकली, पण आजोबा का थांबले हे कुणी विचारलं नाही. नातवाची जात पडताळणी असणार, दुसरं काय! समिती बापाचे, आजोबाचे कागद काढायला लावते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका बाईचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, त्यात तिचा बाप्तिस्माही पुराव्यात होता. आपल्याकडं दलित घरातला माणूस पाण्याला भीत नाही हो, चर्चच्या रजिस्टरला भितो.

गोदाकाठ
म्हणजे भीतीपोटी. लोकांसमोर मला नाकारील त्याला मीही नाकारीन, हे प्रभूचंच बोलणं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायको-मुलापासून काही वर्षं तुटले. सोसलंच की त्यांनी.

परभणीकर
त्याच टिळकांनी १९१७ ला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. स्वतः सोसलं, पण दुसऱ्यासाठी दार लावलं नाही.

जालनेकर
फुलंब्रीच्या ताई, इच्छा होती. "नातू नोकरीला लागला की घेतो" म्हणायचे.

गोदाकाठ
उद्या त्यांची सून विचारायला आली तर? "गरज नाही" म्हणून सांगाल?

जालनेकर
नाही. "घे" म्हणेन. घेतल्यावर सरकारदरबारी काय जातं तेही सांगेन. पण तारण व्हावं म्हणून घे, असं माझ्या तोंडून निघणार नाही.