मदत हवी आहे: गर्भपातावर बोलताना दोन्ही बाजूंशी प्रामाणिक कसं राहावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चागटात गर्भपात या विषयावर माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलंय. ऐकणाऱ्यांत ठाम विरोधक आहेत, ठाम समर्थकही आहेत. मला कुणाचं मत बदलायचं नाही. पण ते मत खोट्या माहितीवर उभं नसावं असं मनापासून वाटतं, कारण त्या खोटेपणाचा त्रास शेवटी एखाद्या घाबरलेल्या बाईलाच होतो.

तयारी करताना सगळ्यात जास्त गोंधळ दिसला तो आठवड्यांचा. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे हिशोबातल्या पहिल्या साधारण दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो. 'सहा आठवड्यांपर्यंत परवानगी' असं ऐकलं की हातात दीड महिना आहे असं वाटतं. प्रत्यक्षात पाळी अगदी नियमित असली तरी ती चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे उरतात. तेवढ्यात चाचणी करायची, निर्णय घ्यायचा आणि डॉक्टरही गाठायचा. पाळी अनियमित असेल तर बऱ्याचदा तोवर शंकासुद्धा आलेली नसते. हे न सांगता मुदतीवर वाद घालणं मला पटत नाही.

बाकी, गर्भपाताने स्तनाचा कर्करोग होतो असं अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १६ देशांतल्या ५३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात असा संबंध आढळला नाही. उलट बाजूने बारा आठवड्यांच्या गर्भालाही 'नुसता पेशींचा गोळा' म्हणतात. तोवर हातापायांची बोटं सुटी झालेली असतात. हे सांगायला समर्थकांनी कचरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ७.३ कोटी गर्भपात करवले जातात, त्यांतले जवळजवळ ४५ टक्के असुरक्षित असतात. हा आकडा विरोधकांनीही ऐकायला हवा.

आता अडलंय ते इथे. हृदयाची हालचाल कधी दिसते, गर्भाशयाबाहेर जगण्याची शक्यता कधीपासून, हे विज्ञान सांगू शकतं. माणूस म्हणून हक्क नेमका कुठल्या टप्प्यावर मिळावा, हे त्यातून आपोआप ठरत नाही. पण एवढंच बोलून थांबले तर दोन्हीकडच्यांना मी प्रश्न टाळतेय असं वाटेल. अशी सत्रं घेतलेल्यांनी सांगा: नैतिक प्रश्न आधी खुला करावा, की सगळी माहिती देऊन झाल्यावर? गर्भाची चित्रं दाखवायची तर ती खऱ्या आकारात दाखवता का? मोठी करून दाखवलेली चित्रं माहितीपेक्षा धक्काच जास्त देतात, असं मला वाटतं.

आणखी एक काळजी आहे. समोर बसलेल्यांत गर्भपात करून घेतलेली कुणीतरी असू शकते. चर्चा तापली की तिला सगळं निमूट ऐकावं लागेल. प्रश्न तोंडी न घेता नाव न लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर घ्यावेत असं मनात आहे. कुणी तसं केलं असेल तर काय जमलं, काय फसलं, ते कृपया आधी लिहा.