हॉलच्या कॉम्प्युटरवरून माझं नाव कुणी काढलं?

मंगळवार, सकाळी ६:४१

बिराजदार अप्पा (बी-३०४): सर्वांना नमस्कार. हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून माझं नाव कुणी काढलं? काल संध्याकाळी बसलो तर सुपरटक्सकार्ट, तो छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम, जागेवर आहे, पण आत "अप्पा" नाही. सगळं पहिल्यापासून. जिंकलेले कप गेले, अचीव्हमेंट, म्हणजे एखादी करामत जमली की मिळतात त्या नोंदी, त्याही गेल्या. तीन महिने रोज तासभर बसलोय. फोर्ट मॅग्मा हा ट्रॅक उघडायला दोनच कप राहिले होते.

सूर्यवंशी (सी-१०२): सी विंगला कालपासून पाणी नाही. व्हॉल्व्हची चावी कुणाकडे आहे?

शेखभाई (ए-३०४): अप्पा, चोरीची फिर्याद देऊ का? 😄

बिराजदार अप्पा: शेखभाई, चेष्टा नका करू. लई वाईट वाटायलंय.

शेखभाई: माफ करा अप्पा.

जोशी मॅडम (ए-२०१): क्षमा करा, पण हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. घरात बारावीचं लेकरू आहे, नीटची तयारी चालू आहे. हॉलची भिंत आमच्या बेडरूमला लागून आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या मीटिंगला मी हेच सांगत होते.

कदम सर (सेक्रेटरी): मॅडम, त्याचा ठराव झालाय. रात्री ९ नंतर हॉल बंद.

जोशी मॅडम: ठराव वहीत आहे सर. आवाज भिंतीतून येतो.

पाटील वहिनी (बी-२०२): गणपतीत स्पीकर ११ पर्यंत कुणाच्या विंगचा होता?

जोशी मॅडम: वहिनी, तो विषय वेगळा आहे.

पाटील वहिनी: विषय वेगळा, भिंत तीच.

कदम सर: कृपया वैयक्तिक नको 🙏

सूर्यवंशी: सी विंगला कालपासून पाणी नाही. व्हॉल्व्हची चावी कुणाकडे आहे?

ओंकार (बी-१०४): अप्पा, गेम उडाला नाही, तुमचं प्रोफाइल उडालंय. सुपरटक्सकार्ट आपली सगळी नोंद प्लेयर्स डॉट एक्सएमएल नावाच्या एका फाइलमध्ये ठेवतो. कप, पॉइंट, अचीव्हमेंट, सगळं त्यातच. ती फाइल गेली की गेम आपल्याला ओळखत नाही. कॉम्प्युटरला कुणी हात लावला होता का?

स्वामी (खजिनदार): शनिवारी मी लावला होता. हिशोब टाइप करायचे होते अन् मशीन लई हळू चालायलं होतं, म्हणून दुकानातल्या पोराला बोलावलं. त्यानं नको त्या फाइली साफ केल्या. त्यात अप्पांचं काही होतं हे मला माहीत नव्हतं.

पाटील वहिनी: विचारायचं तरी होतं की भाऊजी.

स्वामी: ऑडिटची तारीख तुम्ही पुढं ढकलून देणार होता का वहिनी?

सूर्यवंशी: गेमला पैसे आहेत, व्हॉल्व्हला नाहीत. मेंटेनन्समधून किती गेले तेवढं कळू द्या.

ओंकार: काका, एक रुपया नाही. हा गेम फुकट आहे. २००० साली टक्सकार्ट म्हणून सुरू झाला, त्यातूनच पुढं हा निघाला. जगभरची माणसं फावल्या वेळात बनवतात. गेममधला टक्स नावाचा पेंग्विन म्हणजे लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं चिन्ह. आपल्या जुन्या मशीनवर इंटरनेटशिवाय चालतो म्हणून तर टाकला. दोन कंट्रोलर तेवढे पोरांच्या वर्गणीतून आलेत.

प्रणव (ए-४०१): आमच्याकडे प्लेस्टेशन आहे अप्पा. तिथं प्लॅटिनम ट्रॉफी मिळते. फुकटच्या गेमवर तीन महिने कामून घालवले?

ओंकार: प्लेस्टेशनला ट्रॉफी २००८ ला आल्या, एक्सबॉक्सला अचीव्हमेंट २००५ ला. गंमत तीच आहे. फुकट आहे म्हणून वळण सोपं होत नाही. ये एकदा, एक्स्पर्ट या अवघड लेव्हलवर एक कप जिंकून दाखव. त्याच्यावर सुपरटक्स लेव्हल आहे, ती नंतर बघू.

प्रणव: येतो की. रविवारी.

जोशी मॅडम: म्हणजे रविवारी पण?

बिराजदार अप्पा: जोशी मॅडम, तुमचं खरं आहे. मी आवाज बंद करून खेळतो, ओरडतात ती पोरं. त्यांना मी सांगतो. पण माझं एक ऐका. एसटीत ३१ वर्षं काढली. लातूर-उदगीर, लातूर-नांदेड. रिटायर झालो अन् गुडघ्यामुळं गाडी सुटली. ओंकारनं हे लावून दिलं तेव्हा वाटलं लेकरांचा खेळ आहे. तसं नाही. वळण आलं की व्हीचं बटण दाबून ठेवायचं, गाडी आडवी घसरते, चाकाखालून ठिणग्या निघतात. ठिणग्यांचा रंग पालटला की बोट उचलायचं, मग गाडी झेप घेते. आधी उचललं तर काही मिळत नाही, उशीर झाला तर भिंत. मला जमायला महिना लागला.

बिराजदार अप्पा: त्यात बनाना लव्हर म्हणून एक अचीव्हमेंट आहे. एका रेसमध्ये रस्त्यावर पडलेली ५ केळी घ्यायची. केळ घेतलं की नुकसानच. कधी मागं ऐरण लागते, कधी पॅराशूट उघडतं अन् गाडी रेंगाळते. बॉम्ब चिकटला तर फुटायच्या आत दुसऱ्या गाडीला घासून त्याच्या अंगावर द्यायचा. सगळी नोकरी खड्डा चुकवण्यात गेली, अन् इथं खड्डा बघून स्टिअरिंग तिकडंच वळवायचं. डोक्याला कळायचं, हाताला पटायचं नाही. ऐन वेळी हात बाजूला घ्यायचाच. ४ दिवसांनी जमलं. कप परत जिंकता येतील. हे गेलं त्याचं वाईट वाटायलंय.

पाटील वहिनी: अप्पा 🙏 आमच्या पिंट्याला तुम्हीच वळण शिकवलंत. घरी येऊन सांगतो, अप्पा म्हणाले ब्रेक नाही दाबायचा, आधी बघायचं.

जोशी मॅडम: अप्पा, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुम्ही असता तेव्हा शांत असतं. पण परवा पावणेदहाला "मार बॉल, मार बॉल" चालू होतं. वैष्णवी कानात बोटं घालून केमिस्ट्री वाचत होती.

ओंकार: सॉरी मावशी, ते आम्हीच. स्ट्राइक नावाच्या अचीव्हमेंटसाठी. बॉलिंग बॉलनं १० गाड्या उडवायच्या असतात.

जोशी मॅडम: उडवा, पण तोंड बंद ठेवून.

सूर्यवंशी: सी विंगला कालपासून पाणी नाही. व्हॉल्व्हची चावी कुणाकडे आहे? तिसऱ्यांदा विचारतोय.

शेखभाई: सूर्यवंशी, २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तशी एखादी गाडी सी विंगला लावायला सांगू का 😄

सूर्यवंशी: शेखभाई, त्या उन्हाळ्यात मी आईला घरी एकटं सोडून पहाटे ३ ला टँकरच्या रांगेत उभा राहायचो. त्यावर हसू नका.

शेखभाई: चुकलं भाऊ. मी पण त्याच रांगेत होतो.

कदम सर: चावी वॉचमनकडे आहे. तो आज सुट्टीवर. केबिनच्या खिळ्याला लटकवलेली असते.

ओंकार: अप्पा! पेन ड्राइव्ह सापडला. गेल्या महिन्यात मी त्या फोल्डरची कॉपी घेतली होती. ती जागेवर टाकली की "अप्पा" परत दिसेल. त्यानंतरचं मात्र येणार नाही. हॅसिएंडा अन् ओल्ड माइन या ट्रॅकचे कप गेले, सलग ५ रेस जिंकल्याचं अनस्टॉपेबल पण गेलं.

बिराजदार अप्पा: केळीचं आहे का त्यात?

ओंकार: आहे अप्पा. उघडून बघितलं.

बिराजदार अप्पा: मग बाकीचं मी परत जिंकतो.

स्वामी: अप्पा, पुढच्या वेळी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी तुम्हाला विचारतो. चुकलं माझं.

जोशी मॅडम: ७ ते ८ खेळा. पोरांनी पण ८ ला उठायचं. परीक्षा होईपर्यंत एवढंच मागणं आहे.

बिराजदार अप्पा: मान्य. हॉलची किल्ली मी माझ्याकडे ठेवतो, ८ ला मीच कुलूप लावीन.

कदम सर: नोंद घेतली.

सकाळी ८:०५

बिराजदार अप्पा: सूर्यवंशी, खाली येऊन व्हॉल्व्ह फिरवलाय. पाणी आलं का बघा.

सूर्यवंशी: आलं अप्पा. गढूळ आहे, पण आलं.