बोटाला सुई टोचली की बाळाचा अ‍ॅनिमिया कळतो का?

निशिगंधा: 'सहा महिन्यांवरच्या प्रत्येक बाळाचं शिबिरात हिमोग्लोबिन तपासा, कमी आलं की लोहाचं औषध सुरू करा,' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. आधी लोहाचा साठा संपतो, हिमोग्लोबिन त्यानंतर घसरतं. 'नॉर्मल' ऐकून घरी गेलेल्या बाळांचं काय? कोणत्या तपासण्या कराव्यात हे सांगणाऱ्या अमेरिकेच्या यूएसपीएसटीएफ या तज्ज्ञगटानेही २०१५ मध्ये ६ ते २४ महिन्यांच्या लक्षणं नसलेल्या बाळांच्या तपासणीला पुरावा अपुरा म्हटलंय.

मृदगंध: तिथलीच बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१० पासून वर्षाच्या सुमारास सर्वांना तपासा म्हणते, ते गाळलंत. माझी भाची गुटगुटीत, खेळकर. कुणाला शंकाही नव्हती. शिबिरात हिमोग्लोबिन ७.८ ग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात) निघालं.

लॅबवाला: बोट पिळून काढलेल्या थेंबावर ना? दाबून दाबून काढलं की त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये शिरेतल्या रक्तालाच पसंती दिली आणि ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी अ‍ॅनिमियाची सीमा ११ वरून १०.५ केली. १०.७ चं बाळ जुन्या सीमेत आजारी, नव्या सीमेत निरोगी. तिथे अर्ध्या ग्रॅमची चूक झाली की निदानच फिरतं.

मृदगंध: नंतर शिरेतूनही काढलं, ८.१ आलं. झालं समाधान? दहा महिन्यांच्या बाळाची शीर शोधताना आईचं काय होतं, ते बाहेर येऊन बघा. शिरेतूनच हवं म्हणाल तर किती जणी येतील?

लॅबवाला: इतकं कमी असेल तर बोटावरही सापडतं, मान्य. माझं भांडण सीमेवरच्या बाळांसाठी आहे. निदान पहिला थेंब पुसा, बोट पिळू नका, एवढं तरी शिकवा! वर्षानुवर्षं ओरडतोय.

सायली_आई: सुईवरून किती भांडाल? जन्मल्यावर नाळ कापायला १ ते ३ मिनिटं थांबलं तर बाळाला जास्त रक्त मिळतं, लोहाचा साठा वाढतो. मी विनवण्या केल्या, तरी लगेच कापली. त्यावर धागा कोण काढणार?

निशिगंधा: काढा ना, मी येते. पण औषधाचं बोला. टांझानियाच्या पेम्बा बेटावर, मलेरियाच्या भागात, न तपासता सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल दिलं, तर मुलांचं रुग्णालयात भरती होणं आणि मृत्यू वाढले. २००६ चा अभ्यास आहे.

मृदगंध: त्याच अभ्यासात लोह खरंच कमी असलेल्या, अ‍ॅनिमिया झालेल्या मुलांना फायदा दिसला. म्हणजे तपासूनच द्यायला हवं. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

निशिगंधा: तेवढं मान्य. पण मग नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन हवं. संसर्गात तेही फुगतं, म्हणून सोबत शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी तपासणी. आणि औषध दिलेल्या बाळाला महिन्याने पुन्हा कोण तपासणार? ते ठरल्याशिवाय शिबिराला माझा विरोध कायम आहे.