‘आहे त्या स्थितीत’ घेतलेले घर आणि छुपे दोष

खरेदीखतात ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिले की विकणाऱ्याची जबाबदारी संपते, हे मत सरसकट मान्य करता येणार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष लपवणे हे कपट ठरते. खरी अडचण असते ती विकणाऱ्याला दोष ठाऊक होता हे सिद्ध करण्याची. रत्नागिरीजवळ एका परिचितांनी उन्हाळ्यात घेतलेल्या जुन्या घराच्या जांभ्याच्या भिंती पहिल्याच पावसात पाझरू लागल्या, तेव्हा त्याच भिंतींना आदल्या वर्षी गिलावा केलेल्या गवंड्याचा लेखी जबाब मिळाल्यावरच विकणारा तडजोडीस तयार झाला. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातील, बांधकामातील दोषांबाबतची पाच वर्षांची हमी मात्र येथे लागू होत नाही, कारण ती प्रवर्तकावर, म्हणजे घरे बांधून विकणाऱ्या विकासकावर, बंधनकारक असते.