ओट्याखालचा पाइप गळतो आहे आणि प्लंबर उद्या सकाळी येणार आहे. तोपर्यंत काय करावे?

ओंजळ (इंदिरानगर, नाशिक) – रविवार, सायंकाळी ६.४०

नमस्कार. आमची इमारत १८ वर्षांची असून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आज दुपारी स्वयंपाकघरात फरशीवर ओल दिसली म्हणून ओट्याखालचे डबे बाहेर काढले, तेव्हा भिंतीतून येणाऱ्या पाइपाला जिथे सिंकच्या नळाची आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची जोडणी केली आहे, तिथून बारीक धार लागलेली दिसली. यजमानांनी पाना घेऊन जोड थोडा आवळून पाहिला, पण त्यानंतर धार कमी होण्याऐवजी वाढलीच. मी जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट बांधली आहे, तरी पाणी तिच्यातून झिरपतच आहे आणि खाली ठेवलेली १५ लिटरची बादली २० मिनिटांत भरते.

नेहमीचे प्लंबरदादा उद्या सकाळी १० वाजता येतो म्हणाले आहेत. रात्रभर दर २० मिनिटांनी बादली बदलणे शक्य नाही, आणि पाणी फरशीतून मुरून खालच्या काकूंच्या छताला ओल येईल याची मला फार काळजी वाटते आहे. गच्चीवर टाकीपाशी सर्व घरांचे व्हॉल्व्ह आहेत, परंतु ते सारखेच दिसतात आणि आमचा कोणता हे आम्हाला कधी कळलेले नाही. दुकानातून एमसील (दोन भाग मळून लावायचे, नंतर कडक होणारे लुकण) आणून लावले तर चालेल का? कृपया जाणकारांनी सांगावे.

पंचवटीकर – सायंकाळी ६.५५

ताई, पाण्याकडे वळण्यापूर्वी विजेचे पाहावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा प्लग बहुधा ओट्याखाली किंवा त्याच भिंतीवर असतो. ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर उभे राहून तो प्लग काढू नका. मीटरच्या पेटीतून स्वयंपाकघराचा स्विच बंद करा आणि मगच ओट्याखाली हात घाला. गीझरला पाणी त्याच ओळीतून येत असेल, तर पाणी बंद करण्याआधी गीझरही बंद करावा, कारण आतील पाणी उतरले आणि गीझर चालू राहिला तर कॉइल जळते.

दुसरे म्हणजे, २० मिनिटांत १५ लिटर म्हणजे तासाला ४५ लिटर. आत्तापासून उद्या १० वाजेपर्यंत १५ तास धरले, तर जवळजवळ ६७५ लिटर पाणी वाया जाईल, आणि ते तुमच्या एकट्याच्या घरचे नसून सर्वांच्या टाकीतले असेल. तेव्हा पट्टी कशी बांधावी हा प्रश्न नंतरचा आहे. आधी तुमचा व्हॉल्व्ह शोधून पाणी बंद करणे हेच खरे काम आहे.

व्हॉल्व्ह शोधण्याची पद्धत सोपी आहे, मात्र तिला दोन माणसे लागतात. एकाने सिंकचा नळ पूर्ण उघडून खाली थांबावे आणि दुसऱ्याने गच्चीवर जाऊन फोनवर बोलत एकेक व्हॉल्व्ह बंद करावा. व्हॉल्व्ह बंद केल्याबरोबर नळ थांबत नाही, कारण उभ्या पाइपातले पाणी उतरायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटे थांबावे, फरक पडला नाही तर तो व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडावा आणि मगच पुढच्याला हात लावावा. कोणाचा व्हॉल्व्ह बंद राहून गेला, तर रात्री त्यांच्या घरी पाणी नसेल. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची ओळ बरेचदा वेगळी असते. तसे असेल तर केवळ स्वयंपाकघर बंद होईल आणि बाकीचे व्यवहार सुरू राहतील.

नळकारागीर – सायंकाळी ७.१५

मी नाशिकमध्ये २२ वर्षे हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताई, पाना पुन्हा लावू नका. जोड आवळल्यावर धार वाढली याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की आटे सैल झालेले नसून एल्बोलाच, म्हणजे काटकोनी जोडालाच, चीर गेली आहे. भिंतीत बसवलेला एल्बो प्लास्टिकच्या आट्यांचा असेल, तर जास्त आवळल्याने तो उभा फाटतो. आणि पाइप जस्ती, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी असेल, तर गंजलेला आटा भिंतीच्या आतच तुटून राहतो. दोन्ही प्रकारांत तासाभराच्या कामासाठी टाइल फोडावी लागते.

एमसीलविषयी माझे मत स्पष्ट आहे: जोडावर ते लावू नये. ते वाहत्या पाण्यावर चिकटत नाही. ओळ पूर्ण रिकामी असावी, पाइप कोरडा पुसलेला असावा, त्यावरचा मेणचटपणा आणि सुटे पोपडे निघालेले असावेत, दोन्ही भाग सम प्रमाणात घेऊन एकच रंग येईपर्यंत मळलेले असावेत, आणि नंतर ते दगडासारखे होईपर्यंत पाणी सोडलेले नसावे. एवढे करूनही एल्बोवर ते फार टिकत नाही, कारण पाणी आट्यांमधून नवी वाट शोधते. वर मला सकाळी तो गोळा छिन्नीने फोडावा लागतो आणि त्या हादऱ्याने चांगला असलेला भागही कधीकधी जातो. टेफ्लॉन टेप बाहेरून गुंडाळण्याचाही काही उपयोग नाही. ती टेप आट्यांच्या आत बसण्यासाठी असते.

पाणी बंद केल्यावर ओळ रिकामी करणे हे पुढचे काम, आणि बहुतेक लोक तेच विसरतात. व्हॉल्व्हपासून तुमच्या ओट्यापर्यंतच्या पाइपात उभे राहिलेले पाणी व्हॉल्व्ह बंद केल्यानंतरही चिरेतून येत राहते आणि मग लोकांना वाटते की व्हॉल्व्ह खराब आहे. त्यासाठी त्याच ओळीवरचा सर्वांत खालचा नळ उघडून ठेवावा. भांडी घासण्याच्या बाल्कनीतला नळ बहुधा सिंकच्या जोडापेक्षा खाली असतो. तो बादलीत उघडा ठेवला की पाणी तिकडून उतरते आणि चिरेवरचा दाब जातो. सिंकचा नळही उघडा ठेवावा, म्हणजे वरून हवा आत येते आणि ओळ लवकर रिकामी होते.

तुमच्या प्लंबरला फोनवर एवढे सांगा: पाइप कसला आहे आणि केवढा आहे. मळकट पांढऱ्या, साय-रंगाचा असेल तर तो सीपीव्हीसी, शुभ्र असेल तर यूपीव्हीसी (हे दोन्ही प्लास्टिकचे), राखाडी आणि लोखंडासारखा थंड लागत असेल तर जस्ती. अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर असतो आणि अर्ध्या इंची यूपीव्हीसीचा सुमारे २१ मिलिमीटर, त्यामुळे एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही. नुसते 'अर्ध्या इंची' असे सांगितले, तर तुमच्या प्लंबरला दुकानात दुसरी फेरी मारावी लागते. जोडाचा एक स्वच्छ फोटो पाठवलात तर सर्वांत उत्तम.

सातपूरकर – सायंकाळी ७.३०

कारागीरदादांशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. गळती जोडावर नसून सरळ पाइपावर असेल आणि पाणी अजिबात बंद करता येत नसेल, तर सायकलची जुनी ट्यूब फार उपयोगी पडते. गेल्या वर्षी आमच्या जस्ती पाइपाला सुईएवढे भोक पडले होते, तेव्हा मी ट्यूब लांबीच्या दिशेने कापून दीड-दोन इंच रुंदीची पट्टी काढली, भोकाच्या चार बोटे अलीकडून सुरुवात केली आणि प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या वेढ्यावर येईल अशा बेताने, पूर्ण ताण देऊन भोकाच्या चार बोटे पलीकडे गेलो. त्यावर लोखंडी क्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळली. ते दोन दिवस टिकले. गंज खरवडायला मात्र जाऊ नये. तिथला पत्रा आधीच कागदासारखा पातळ झालेला असतो.

नळकारागीर – सायंकाळी ७.४०

सातपूरकर, अगदी बरोबर. फक्त सीपीव्हीसीवर क्लिप इतकी आवळू नये, जुना पाइप चिरतो. शिवाय दाबाचाही विचार करावा. टाकी गळतीच्या १० मीटर वर असेल, तर तिथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब असतो, म्हणून वरच्या मजल्यावर टिकलेली पट्टी तळमजल्यावर टिकेलच असे नाही.

ओंजळ – रात्री ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. आधी विजेचा स्विच बंद केला. यंत्राचा प्लग खरोखरच त्याच भिंतीवर, ओलीपासून वीतभर अंतरावर होता. व्हॉल्व्ह शोधताना सातवा आमचा निघाला. तो गोल चाकाचा असून अर्ध्यावर येऊन अडकला आहे आणि पुढे फिरत नाही. धार निम्म्याहून कमी झाली आहे, पण थांबलेली नाही. यजमान पान्याने चाक फिरवावे म्हणतात, मी त्यांना थांबवले आहे. पाइप साय-रंगाचा आहे, म्हणजे सीपीव्हीसी.

सोसायटीसचिव – रात्री ८.३५

थांबवलेत ते फार चांगले केलेत. चाकाच्या व्हॉल्व्हला पाना लावला की आतील दांडा तुटतो, आणि मग तो ना उघडता येतो ना बंद करता येतो. आमच्या इमारतीत असेच झाले आणि टाकी संपूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह बदलावा लागला. १२ घरांना एक दिवस टँकरवर काढावा लागला.

आत क्षार आणि गंज साचलेला असतो. दांड्याच्या मुळाशी तेलाचे दोन-चार थेंब सोडून दहा मिनिटे थांबा, मग हाताने पाव फेरा उघडा, पाव फेरा बंद करा, असे पुन्हा पुन्हा करा. वाहत्या पाण्याबरोबर कचरा थोडा थोडा निघून जातो आणि चाक प्रत्येक खेपेला किंचित पुढे सरकते. तरीही पूर्ण बंद झाला नाही, तर कारागीरदादांनी सांगितलेला बाल्कनीतला खालचा नळ रात्रभर थोडा उघडा ठेवा आणि त्याखाली मोठे पिंप लावा. व्हॉल्व्हमधून झिरपणारे पाणी चिरेऐवजी त्या नळाने पिंपात जाईल, आणि ते स्वच्छ असल्यामुळे उद्या वापरताही येईल.

गंगापूर धरणातून शुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि तिथून आपल्या टाकीपर्यंत येणारे हे पाणी आहे. ते रात्रभर गटारात जाऊ देणे मनाला पटत नाही.

पंचवटीकर – रात्री ८.५०

जोडातून थोडे थेंब पडतच राहिले, तर एक छोटा उपाय आहे. जाड सुतळी ओली करून तिचे एक टोक गळतीच्या अगदी खाली पाइपाला बांधा आणि दुसरे बादलीत सोडा. पाणी सुतळीवरून सरकत बादलीत उतरते, शिंतोडे उडत नाहीत आणि ओट्याची फळी कोरडी राहते. आणि खालच्या काकूंना आजच कल्पना देऊन ठेवा, म्हणजे त्या आपल्या छताकडे लक्ष ठेवतील आणि तिथला दिवा लावताना जपतील.

ओंजळ – सोमवार, रात्री ९.१०

काल रात्री पाऊण तास मागे-पुढे केल्यावर व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण बसला. बाल्कनीतला नळ पिंपात सोडून ठेवला. सकाळपर्यंत पिंप अर्धे भरले होते आणि ओट्याखालची बादली, सुतळी लावलेली, तळाशी चार बोटे पाणी एवढीच. सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक आणि भांडी त्या पिंपातल्या पाण्यावरच उरकली. काकूंचे छतही कोरडे राहिले.

प्लंबरदादा फोटो पाहून योग्य एल्बो घेऊनच आले. चीर आट्याच्या बाजूलाच होती. यंत्राची जोडणी करताना कोणीतरी ती प्रमाणाबाहेर आवळली असावी असे ते म्हणाले. त्यांनी पितळी आट्यांचा एल्बो बसवला आणि एकच टाइल काढावी लागली. ओट्याखाली आता वेगळा छोटा कॉकही बसवून घेतला आहे, म्हणजे पुन्हा असे झाले तर गच्चीवर जावे लागणार नाही. एक विचारायचे राहिले: पाणी सोडल्यावर नळातून नुसती हवा आणि तांबूस पाणी येत होते. हे ठीक आहे ना?

नळकारागीर – रात्री ९.३०

ठीक आहे, ताई. रिकाम्या ओळीत हवा अडकते. व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि घरातले त्या ओळीवरचे सगळे नळ उघडे ठेवायचे, म्हणजे हवा निघून जाते. तांबूस पाणी म्हणजे हललेला गाळ. पाणी स्वच्छ येईपर्यंत शुद्ध करण्याच्या यंत्राकडे जाणारा कॉक बंद ठेवा, नाहीतर त्याची जाळी एका दिवसात भरेल. चिकटवलेल्या जोडाला सॉल्व्हंट (प्लास्टिकचे जोड चिकटवण्याचा द्रव) वाळायला सांगितलेला वेळ पूर्ण दिला होता ना, तेवढे सांगा.

ओंजळ – रात्री ९.४५

हो. त्यांनी दुपारी चारच्या आधी पाणी सोडू नका असे बजावले होते, आणि आम्ही चारनंतरच सोडले. यंत्राचा कॉक आत्ताच बंद केला. जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला आहे. पाच तास होत आले, आताच हात लावून पाहिला, कागद कोरडा आहे.