रँडम टेस्टमध्ये गांजा आढळला; आता सॅपचे मूल्यमापन कसे होते?

शुभांगी, एडिसन
माझा भाचा न्यू जर्सीत सीडीएलवर, म्हणजे व्यावसायिक वाहनचालक परवान्यावर, ट्रक चालवतो. गेल्या आठवड्यात त्याच्या रँडम टेस्टचा निकाल आला, लघवीच्या नमुन्यात गांजा आढळला आणि कंपनीने त्याच दिवशी गाडी काढून घेऊन त्याच्या हातात सॅपच्या, म्हणजे अशा चालकाचे मूल्यमापन करून उपचार सुचवणाऱ्या व्यसनतज्ज्ञांच्या, नावांची यादी ठेवली. त्याचे म्हणणे असे, की या राज्यात प्रौढांना गांजा चालतो आणि त्याने तो सुट्टीच्या दिवशी घेतला होता. हे पटवून दिले तर सॅप प्रकरण तिथेच मिटवू शकतो का? की सॅप कंपनीचाच माणूस असतो?

समुपदेशक
शुभांगीताई, मिटवू शकत नाही. ट्रकचालकांची चाचणी केंद्रीय परिवहन खात्याच्या नियमांनुसार होत असल्याने राज्याने दिलेली मुभा तिथे उपयोगाची नाही. डॉक्टरांच्या शिफारशीने घेतलेला गांजासुद्धा चालत नाही. निकालाबद्दल तक्रार असेल तर ती निकाल पडताळणाऱ्या डॉक्टरांकडे, म्हणजे एमआरओकडे, मांडायची असते आणि त्यांनी निकाल कळवल्यापासून ७२ तासांच्या आत नमुन्याच्या दुसऱ्या बाटलीची तपासणी मागता येते. सॅपसमोर तो मुद्दा उरत नाही. कामाचा ताण होता, दुसऱ्याच्या धुरामुळे झाले, खसखस खाल्ली होती, अशा सबबी विचारात घेऊ नयेत, असे नियमावलीच त्याला बजावते. (खसखशीचा संबंध अफूशी आहे, गांजाशी नाही, तेव्हा अनारशांवर खापर फोडायची सोयही नाही.)

सॅप कंपनीचा वकील नसतो, तसा चालकाचाही नसतो. वापर कधीपासून, किती, सोबत दारू आहे का, घरात कोणाला व्यसन होते का, पूर्वी उपचार झाले का, हे तो सविस्तर विचारतो. त्यामुळे "एकदाच घेतला" हे पालुपद लावण्यापेक्षा खरे सांगितलेले बरे. नियमभंग झालेल्या प्रत्येकाला शिक्षण किंवा उपचार सुचवणे त्याला बंधनकारक आहे, मग तो थोड्या तासांचा वर्ग असो की दवाखान्यात राहून घ्यायचे उपचार. शिफारस आवडली नाही म्हणून दुसऱ्या सॅपकडून नवे मूल्यमापन करून घेता येत नाही, म्हणून निवड आधीच विचारपूर्वक करावी.

पेनसिल्व्हेनियाचा सारथी
व्यवहाराचेही सांगतो. सॅपची फी कोणी भरायची हे नियम ठरवत नाहीत आणि सगळे पार पाडले तरी कंपनीने परत घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. सुचवलेले पूर्ण केल्यावर सॅप पुन्हा भेटून अहवाल देतो; मग कामावर परतण्यापूर्वीची चाचणी, तीही नमुना देताना कोणीतरी प्रत्यक्ष पाहत असताना. पुढच्या १२ महिन्यांत किमान ६ अचानक चाचण्या होतात आणि सॅपला वाटल्यास हा क्रम एकूण ६० महिन्यांपर्यंत चालतो. नोकरी बदलली तरी तो पाठ सोडत नाही. शिवाय १८ नोव्हेंबर २०२४ पासून, क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे चालकांच्या अशा नियमभंगांच्या केंद्रीय नोंदवहीत, 'मनाई' अशी नोंद असलेल्या चालकाचा सीडीएल राज्याला काढून घ्यावा लागतो. तेव्हा चालढकल करू नये.

शुभांगी, एडिसन
दोघांचेही आभार. यादीतल्या एका सॅपचे स्वतःचे उपचार केंद्र आहे. तो तिथेच पाठवू शकतो का?

समुपदेशक
सहसा नाही. ज्या संस्थेत आपला आर्थिक हितसंबंध आहे तिथे पाठवण्यास सॅपला मनाई आहे. त्या परिसरात उपचारांची दुसरी सोयच नसेल, अशा मोजक्या अपवादांतच ते चालते आणि एडिसनच्या आसपास तशी वेळ येऊ नये. भाच्याने भेटीची वेळ ठरवतानाच हे स्पष्ट विचारून घ्यावे.