७७७ नको, ग्रुप बनवा
लिनक्सवर अनेकांनी मिळून वापरायच्या सामायिक फोल्डरला सरळ ७७७ (म्हणजे सगळ्यांना वाचायची, लिहायची, उघडायची परवानगी) देऊन मोकळं व्हा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. त्या मशीनवरचं कुठलंही खातं मग आतल्या फाइली उडवू शकतं. फाइल पुसता येते की नाही हे त्या फाइलच्या नाही, फोल्डरच्या परवानगीवर ठरतं. म्हणून ४४४ केलेली (फक्त वाचता येईल अशी) फाइलही तिथे सुरक्षित नसते. माझा महिनाभराचा हिशेब असाच गेला होता, अजून हळहळ वाटते.

त्यापेक्षा एक ग्रुप बनवा, गरजेच्या माणसांनाच त्यात घ्या, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा आणि चमॉड (chmod, परवानगी बदलायची कमांड) वापरून २७७० द्या, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळी मुभा, बाकीच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ महत्त्वाचा: आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. एकमेकांच्या फाइली पुसल्या जाऊ नयेत असं वाटत असेल तर २७७० ऐवजी ३७७० द्या.

तरीही दुसऱ्याला फाइल बदलता येत नसेल तर युमास्क (umask, नव्या फाइलीवर कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते ठरवणारी सेटिंग) बघा. तो बऱ्याचदा ०२२ असतो, ००२ करा, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येतं. आणि ग्रुपमध्ये घेतलेल्याला एकदा लॉगआउट करून परत यायला सांगा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.